पडदा तोच, आवाज आपला
(नभोवाणीवरील भाषण)



संगणकाच्या पडद्यावर चाललेले काम जसेच्या तसे टिपून घ्यावयाचे, त्याच वेळी ते काम करणाऱ्याने ते तोंडाने समजावून सांगावयाचे, आणि चित्र व आवाज एकत्र बांधून एक धडा तयार करावयाचा, ह्या प्रकाराला स्क्रीनकास्ट असे म्हणतात. हा प्रकार नावाच्या आधी जन्मास आला. लोक असे धडे करीत होते, परंतु त्यांना काय म्हणावे हे ठरले नव्हते. २००४ साली जॉन उडेल ह्या अमेरिकन लेखकाने आपल्या वाचकांनाच नाव सुचविण्याची विनंती केली आणि आलेल्या सूचनांतून हा शब्द उचलला. मराठीत कोणी 'पडदाचित्रण' म्हणतील. माझा त्याला विरोध नाही; पण मुले 'स्क्रीन रेकॉर्डिंग' म्हणतात, आणि ज्यांच्यासाठी धडा करावयाचा त्यांच्याच तोंडचा शब्द घेतलेला बरा.

शब्दाचा प्रश्न मात्र इतक्यावर मिटत नाही. किंबहुना तो येथूनच सुरू होतो. आमच्या बेळगाव-खानापूर भागातील मराठी शाळांतून दहावी झालेली मुले पुढे पॉलिटेक्निकला किंवा विज्ञान शाखेला जातात. मोबाईल हाताळण्यात ही मुले तुमच्या-आमच्यापेक्षा तरबेज असतात. तथापि हिशेबाचा तक्ता मांडणे, आकृती काढणे, प्रयोगाचे आकडे आलेखात बसविणे असे काम संगणकावर करावयाची वेळ आली की पडदाही इंग्रजी, शिकविणारा आवाजही इंग्रजी, आणि तोही भराभर बोलणारा. मुलगा मंद असतो असे मुळीच नव्हे. डोळ्यांनी पडद्यावर शोधावयाचे आणि त्याच क्षणी कानांनी परभाषेचा अर्थ लावावयाचा, ह्या दुहेरी ओझ्याखाली तो वाकतो.

ह्यावर छापील मराठी पुस्तके हा एक उपाय होता. ती मी वर्गात वापरली आहेत आणि त्यांच्या कर्त्यांविषयी मला आदर आहे. परंतु त्यांतील एक अडचण सुटत नाही. पुस्तक म्हणते, 'संचिका ह्या यादीतील जतन करा हा पर्याय निवडा.' मुलगा पडद्यावर 'संचिका' शोधीत बसतो. पडद्यावर असते 'फाईल'. बरे, पुस्तकात इंग्रजी शब्दच ठेवले तर वाक्य ना इंग्रजी, ना मराठी. स्क्रीनकास्टमध्ये हे भांडण आपोआप मिटते. इंग्रजी शब्द पडद्यावर आपल्या जागी असतो, माऊसचा बाण त्याच्यावर जाऊन थांबतो, आणि आवाज मराठीत सांगतो की ह्याने काय होते. शब्द भाषांतरित करण्याची गरजच उरत नाही. शिकवावयाचे असते ते शब्दामागचे काम, आणि ते सांगावयास मराठी पुरून उरते.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती व्याकरणाच्या शिक्षकांना आवडेल. इंग्रजीत आज्ञा देताना क्रियापद आधी येते आणि जागा शेवटी येते. 'दाबा' हे आधी ऐकू येते. काय दाबावयाचे आणि ते कुठे आहे हे मागाहून कळते. ऐकणारा तोवर अधांतरी असतो. मराठीत आपण म्हणतो, 'वरच्या पट्टीवरील फाईल ह्या यादीमधील सेव्ह ॲज ह्या शब्दावर क्लिक करा.' पाहा, वाक्य जसजसे पुढे सरकते तसतसा बाणही सरकतो. आधी वरची पट्टी, मग फाईल, मग सेव्ह ॲज, आणि शेवटच्या क्रियापदाबरोबर बोट दाबले जाते. आपल्या वाक्याची घडणच जणू बाणाचा मार्ग आखून देते. इंग्रजी धड्याचे शब्दशः भाषांतर करून बोलणारे हा फायदा घालवितात. 'क्लिक करा फाईलवर' अशी उलटी वाक्ये हल्ली पुष्कळ ध्वनिमुद्रणांत ऐकू येतात. ती कानाला खटकतात आणि डोळ्यालाही चुकवितात.

मराठी आवाजातले असे धडे आज अस्तित्वात नाहीत असे कोणी समजू नये. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली, केंद्र सरकारच्या साहाय्याने, 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प २००९-१०च्या सुमारास उभा राहिला. लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब, पायथन, जिम्प अशा मुक्त सॉफ्टवेअरवरील सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे त्यात आहेत, आणि मूळ इंग्रजी धड्याचे चित्र तसेच ठेवून त्यावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील आवाज चढविलेले आहेत. त्यांची कार्यपद्धती प्रत्येक शिक्षकाने अभ्यासावी अशी आहे. बोलणारा माईकसमोर बसण्यापूर्वी धडा पूर्ण लिहिला जातो. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात त्या वेळी काय बोलले जाईल ते. आणि लिहिलेला धडा नवशिक्याकडेही तपासणीस जातो. ज्याला त्या विषयातले काही ठाऊक नाही अशा माणसाने केवळ लिहिलेले वाचून ते काम करून पाहावयाचे, आणि तो जेथे अडेल तेथे धडा दुरुस्त करावयाचा.

ही नवशिक्याची कसोटी मी आमच्या शाळेत लावतो. संस्कृत शिकविणाऱ्या आमच्या सहकारी बाईंना आकड्यांच्या तक्त्याशी कधी काम पडलेले नाही. यास्तव त्या माझ्या पहिल्या परीक्षक. 'आता सेलमध्ये सूत्र लिहा' हे वाक्य ऐकून त्यांनी विचारले, "सर, सेल म्हणजे ह्यांतले कोणते घर?" प्रश्न रास्त होता. तेव्हापासून आमच्या धड्यांत 'बी ह्या उभ्या ओळीतील दुसऱ्या आडव्या ओळीचे घर' असे एकदा तरी बाण फिरवून सांगितले जाते, आणि मगच 'सेल' हा शब्द येतो.

आता प्रत्यक्ष धडा कसा करावा ते पाहू. उदाहरण घेऊ टक्केवारीचे, कारण ते प्रत्येक शाळेला लागते. लिबरऑफिसच्या कॅल्क ह्या तक्त्यात विद्यार्थ्यांचे एकूण गुण बी ह्या ओळीत आहेत आणि कमाल गुण ६०० हे ई-१ ह्या घरात लिहिले आहेत. पहिल्या मुलाच्या ओळीत सूत्र लिहिले: बी-२ भागिले ई-१. उत्तर बरोबर आले. आता तेच सूत्र खाली ओढले की पुढच्या घरांत उत्तराऐवजी शून्याने भागल्याची तक्रार उमटते. का? सूत्र एक घर खाली आले तेव्हा बी-२चे बी-३ झाले, जे हवेच होते. पण त्याबरोबर ई-१चे ई-२ झाले, आणि ई-२ तर रिकामे आहे. मग मूळ सूत्रात ई ह्या अक्षराच्या आधी आणि १ ह्या आकड्याच्या आधी डॉलरचे चिन्ह घालावयाचे. डॉलर म्हणजे येथे पैसा नव्हे, खुंटी. अक्षराला एक खुंटी, आकड्याला एक खुंटी. आता ते घर हलत नाही. पुन्हा ओढले की सर्व टक्केवारी बरोबर.

हा धडा पुस्तकात दोन पाने घेतो आणि तरीही मनावर ठसत नाही. फळ्यावर तो करताच येत नाही, कारण फळ्यावरचे सूत्र ओढता येत नाही. पडद्यावर मात्र चूक घडताना दिसते, आणि ती मुद्दाम घडू द्यावी. पुष्कळ तांत्रिक व्याख्याते चूक झाली की तेवढा भाग कापून टाकतात आणि सगळे कसे सुरळीत चालते ते दाखवितात. पाहणाऱ्याला वाटते, किती सोपे. आणि घरी बसून करावयास गेला की पहिल्याच तक्रारीपाशी अडतो. तक्रार पडद्यावर उमटली की दोन-तीन क्षण गप्प राहावे. मुलाला ती वाचू द्यावी. मग बोलावे.

गप्प राहण्याची ही कला शिक्षकांना जरा जड जाते, मलाही जाते. वर्गात शांतता झाली की आपल्याला चुकल्यासारखे वाटते. पण ह्या माध्यमात क्लिक झाल्यावर दोन सेकंद काहीही न हलणे आवश्यक आहे. बाणही हलवू नये. काही जण बोलता बोलता बाण असा फिरवितात की जणू पडद्यावर माशी बसली आहे. बाण हे आपले बोट आहे. दाखवावयाचे नसेल तेव्हा ते स्थिर असावे.

चित्राविषयी एवढेच ध्यानात ठेवावे की बहुतेक मुले हा धडा मोबाईलवर पाहणार. आपल्या हातभर रुंद पडद्यावरील सारे त्यांच्या तळहातावर येते, आणि अक्षरे मुंगीएवढी होतात. यास्तव टिपण्यापूर्वी पडदा १२८० बाय ७२० बिंदूंवर आणावा आणि तक्ता दीडपट किंवा दुप्पट मोठा करून दाखवावा. मागची सजावटीची चित्रे काढून टाकावीत. निरोप आणि पत्रे पडद्यावर उडी मारून येतात, त्यांना आधी बंद करावे. आणि तक्त्यात खऱ्या मुलांची नावे व खरे गुण कदापि दाखवू नयेत. तो धडा कुठे कुठे जाईल हे आपल्या हाती नसते. एखाद्या मुलीचे नापासाचे गुण गावभर करण्याचा आपल्याला अधिकार नाही. कल्पित नावे, कल्पित गुण घ्यावेत.

चित्र किंचित अस्पष्ट असले तरी मुले चालवून घेतात. आवाज वाईट असेल तर ती दुसऱ्या मिनिटाला धडा बंद करतात. पैसे खर्च करावयाचे असतील तर एका बऱ्या माईकवर करावेत. नसतील तर मोबाईलबरोबर मिळणारा माईकसुद्धा काम देतो, फक्त खोली नीट निवडली पाहिजे. रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. कपड्यांचे कपाट उघडे ठेवावे, समोर दोरीवर जाड गोधडी टाकावी, पंखा बंद करावा. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला असावा. आपल्या भाषेत ख, ठ, फ, भ असे महाप्राण वर्ण पुष्कळ. 'फाईल' म्हणताना सुटलेला श्वास सरळ माईकवर आदळला तर कानात ढोल वाजतो. माझ्या घराजवळ चर्च आहे. दुपारी बाराला घंटा होते, त्यापूर्वी कुकरच्या शिट्ट्या होतात, आणि त्या दोहोंच्या मध्ये भंगारवाला येऊन जातो. माझे ध्वनिमुद्रण पहाटे साडेपाचला होते.

सुरुवातीला दहा सेकंद काहीच न बोलता खोलीची शांतता टिपून ठेवावी. पुढे ऑडॅसिटी ह्या सॉफ्टवेअरला ती शांतता ऐकविली की खोलीचा मूळचा गुणगुणाट कसा आहे हे त्याला कळते आणि तो सगळ्या ध्वनिमुद्रणातून तो कमी करून देतो. हे औषध थोडेच वापरावे. जास्त झाले की माणूस पाण्याखालून बोलतो आहे असे वाटू लागते.

पडदा टिपण्यासाठी ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर आज सर्वांत प्रचलित आहे. ह्यू बेली यांनी २०१२ साली ते प्रथम प्रसिद्ध केले. संगणकावरील खेळ खेळून दाखविणाऱ्या तरुणांत ते लोकप्रिय झाले आणि तेथून ते शिक्षकांच्या हाती आले. चांगली वस्तू कुठून येते ह्याचा विटाळ मानू नये. त्यात पडदा, माईक, कॅमेरा ही साधने वेगवेगळी मांडता येतात आणि आवाजाचा काटा रंगांत दिसतो. बोलताना काटा पिवळ्या भागात जावा, तांबड्यात शिरू नये. सेकंदाला पंधरा चित्रे तक्त्याच्या धड्याला पुरतात. येथे काही चेंडू उडावयाचा नाही. आणि फाईल एमकेव्ही ह्या प्रकारात टिपावी. कारण सांगतो. नेहमीच्या एमपी-फोर प्रकारात फाईलीची अनुक्रमणिका साधारणतः अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली की अनुक्रमणिका राहून जाते आणि फाईल उघडत नाही. एमकेव्हीमध्ये वीज जाईपर्यंतचे सगळे शाबूत राहते, आणि नंतर ओबीएसमध्येच त्याचे एमपी-फोर करून घेता येते. जून ते सप्टेंबर आमच्या भागात राहणाऱ्या माणसाला ह्या एका सोयीची किंमत वेगळी सांगावयास नको.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. पडदा रंगविण्याची जुनी व्यवस्था मागे पडून आता बहुतेक ठिकाणी वेलँड ही नवी व्यवस्था आली आहे. तिच्यात एक कार्यक्रम दुसऱ्याचा पडदा न विचारता पाहू शकत नाही. परवानगी विचारली जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे रेकॉर्डमायडेस्कटॉपसारखी जुनी साधने तेथे उपयोगी पडत नाहीत. जुन्या पुस्तिकेत वाचून ती बसवू पाहणाऱ्याला काळा पडदा मिळतो आणि तो स्वतःला दोष देत बसतो. दोष त्याचा नसतो.

कापणे-जोडणे केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ह्यांत होते. ह्या कामात बहुतेकांना मराठी मथळा घालावासा वाटतो, आणि काही साधनांत अजूनही मराठी अक्षरे तुटतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. देवनागरी अक्षरे जुळवून मांडणारा भाग त्या साधनात नसला की असे होते. आपल्या भाषेला हा अनुभव नवा नाही. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरी खिळे तेथे नव्हते. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, आज आहे. मथळ्याची पाटी लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्ये करावी, चित्र म्हणून साठवावी आणि तेच चित्र धड्यात घालावे. अक्षर मोडत नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे विकतच्या सॉफ्टवेअरनेही होते, आणि कदाचित अधिक सुबक होते. होय, होते. आमच्या ओळखीच्या एका संस्थेने साथीच्या काळात, २०२० साली, असे एक सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्याने घेतले. शिक्षकांनी जीव तोडून धडे केले. दोन वर्षांनी अभ्यासक्रम थोडा बदलला, तेव्हा जुन्या धड्यातील तीन वाक्ये बदलावयाची होती. भाडे संपलेले, आणि ज्या फाईलींत चित्र व आवाज अजून सुटे होते त्या दुसऱ्या कशात उघडेनात. हातात राहिला तो एकजीव झालेला, न बदलता येणारा चित्रपट. अखेर शिक्षकांनी ते धडे पुन्हा पहिल्यापासून केले. ज्यांना वेळ नव्हता त्यांनी केले नाहीत, आणि त्या इयत्तेची मुले त्यांना मुकली.

इंग्रजीत मुक्त सॉफ्टवेअरला जो शब्द आहे त्याचे दोन अर्थ होतात, आणि तेथील चळवळीच्या लोकांना 'फुकट नव्हे, मुक्त' असे जन्मभर समजावून सांगावे लागते. मराठीत फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. आपली ती दगदग वाचली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू ह्या प्रणालीची घोषणा केली त्यामागचा विचार असा की वापरणाऱ्याला चार मोकळिका असाव्यात: हव्या त्या कामासाठी वापरण्याची, आतून कसे चालते ते पाहण्याची, इतरांना देण्याची, आणि बदलून देण्याची. ओबीएस, ऑडॅसिटी, केडेनलाइव्ह ही सर्व ह्याच परवान्यांखाली आहेत. ह्या मोकळिकेचा अर्थ काय तो २०२१ साली दिसला. ऑडॅसिटी एका कंपनीकडे गेली आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला. जगभरच्या लोकांनी हरकत घेतली, प्रस्ताव मागे घ्यावा लागला, आणि ज्यांचा विश्वास तरीही बसला नाही त्यांनी त्याच मूळ लिखाणावरून आपली वेगळी आवृत्ती काढली. बंद सॉफ्टवेअरच्या मालकाशी असे भांडता येत नाही. फार तर त्याला सोडून जाता येते, आणि जाताना आपले सामान मागे राहते.

ही साधने कच्ची आहेत अशी शंका असेल तर आणखी एक दाखला देतो. डेबियन ह्या मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांचे वार्षिक संमेलन २०२० साली साथीमुळे इंटरनेटवरच भरले. अनेक व्याख्याने आधी टिपून पाठविलेली होती, प्रश्नोत्तरे तेवढी त्या वेळी झाली. २०२३ साली हेच संमेलन केरळात कोची येथे भरले. त्यांची सारी चित्रफीत-व्यवस्था मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. कडक टीकाकार समोर बसलेले असताना जे चालते ते आमच्या नववीच्या वर्गाला खचित चालेल.

धडा तयार झाल्यावर तो किती जड होतो हाही व्यवहाराचा प्रश्न आहे. स्थिर तक्त्याचे चित्र दाबून बसते. सेकंदाला ५०० किलोबिट धरले तर दहा मिनिटांचा धडा साधारण ३७.५ मेगाबाइट होतो, म्हणजे एका लहान पेनड्राइव्हवर वर्षभराचे धडे सहज मावतात. खानापूरच्या जंगलपट्टीत मोबाईलला रेंज मिळत नाही अशी गावे आहेत. तेथे धडा इंटरनेटवर ठेवला म्हणजे काम झाले असे समजणे चूक आहे. पेनड्राइव्ह बसने जातो.

पण तयार चित्रफीत एवढेच ठेवले तर आपणही त्या भाड्याच्या सॉफ्टवेअरसारखेच वागलो. जपून ठेवावयाच्या गोष्टी वेगळ्या आहेत: आवाजाविना नुसते चित्र, चित्राविना नुसता आवाज, दोन रकान्यांचे लिखाण आणि त्यासमोर मिनिट-सेकंद, आणि धड्यात वापरलेला तक्ता. एफएफएमपेग नावाचे एक मुक्त साधन आहे. त्याला एका ओळीची आज्ञा दिली की ते चित्र पहिल्या फाईलीतून घेते, आवाज दुसऱ्या फाईलीतून घेते, आणि चित्राला धक्का न लावता काही सेकंदांत दोन्ही जोडून देते. आवाज बदलणे म्हणजे अंगरखा बदलण्याइतके सोपे होते. स्पोकन ट्युटोरियलचे धडेही अशाच खुल्या परवान्याखाली आहेत. मूळ कर्त्याचे नाव सांगावे आणि आपण केलेले पुढच्यालाही त्याच अटीवर द्यावे, एवढीच अपेक्षा.

मराठी आवाज चढविताना एक अडचण येते. इंग्रजीत सहा सेकंदांत होणारे वाक्य मराठीत पुष्कळदा आठ सेकंद घेते आणि बाण पुढे निघून जातो. काही जण चित्र मध्येच गोठवितात. ते करता येते. पण माझ्या मते आधी आपले वाक्य तपासावे. 'आता आपण काय करणार आहोत तर आपण हे सूत्र खाली ओढणार आहोत' ह्यातील पहिले सहा शब्द काढले तर कोणाचेच काही अडत नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या कन्नड शाळेतील गणिताच्या सरांनी टक्केवारीचा तो धडा मागितला. मी त्यांना चारही गोष्टी पेनड्राइव्हवर दिल्या आणि लिखाणातील मराठी रकान्याचा अर्थ चहा घेता घेता सांगितला. तसे त्यांना मराठी समजतेच. दोन दिवसांनी त्यांनी कन्नड आवाज चढवून धडा आणून दाखविला. वेळा त्यांना जवळजवळ कुठेच बदलाव्या लागल्या नव्हत्या. कन्नडमध्येही जागा आधी येते आणि क्रियापद शेवटी, त्यामुळे बाण त्यांच्या वाक्याबरोबरही बिनचूक चालला. डॉलरच्या खुंटीला त्यांनी आपल्याकडचा बैल बांधण्याच्या दाव्याचा शब्द वापरला होता. तो मला खुंटीपेक्षा बरा वाटला. पुढच्या आवृत्तीत मराठीतही दावेच येणार आहे.